तिसऱ्या ओळीनंतर

गीताच्या तिसऱ्या ओळीनंतर चर्चमधली सगळी मंडळी अर्धा श्वास थांबत. ऑर्गन वाजवणाऱ्या आजीचं आखडलेलं बोट तिथे पुढच्या पट्टीवर उशिरा पोहोचे. बाकांवर लोळणाऱ्या पोरांनाही आता तीच सवय लागली होती.

"आजी, आता नातीला बसवा की," पाळकसाहेब दरवर्षी म्हणत.

"ती? मागे कुत्रं लागल्यासारखं वाजवते!"

आज मात्र बोट हलेचना. नात ऑर्गनवर बसली आणि आजी समोरच्या बाकावर, कान टवकारून.

तिसरी ओळ संपली. नातीची बोटं धडधाकट होती, तरी ती नेमकी अर्धा श्वास थांबली आणि लेकरांसकट सगळ्यांना घेऊन पुढे निघाली.

उपासना संपल्यावर आजी ताठ मानेने उठली.

"पाळकसाहेब, ऑर्गनवरचा माझा चष्मा तेवढा द्या. यापुढे हीच वाजवेल."