फोनवरचा तिसरा

नात झाली त्या वर्षी, नऊ मार्चच्या संध्याकाळी, शिंपीणबाई बहिणीला फोनवर बातमी सांगत होत्या. मध्येच तिसरंच कुणीतरी खोकलं. मग ते रोजचंच झालं.

“देशाच्या सुरक्षेसाठी ऐकतात,” नवरा म्हणाला. “चोराच्या मनात चांदणं! तुला काय लपवायचंय?”

“ताईच्या गुडघेदुखीनं देश बुडतो होय?”

बाई हट्टाला पेटल्या. अकरा अर्ज केले, कचेरीचे उंबरठे झिजवले. शेवटी साहेबांनी फाइल उघडली.

“आजी, पाळत होती, खरंय. पण ऐकणारा एकटाच. आम्ही त्याला खोकलेकर म्हणायचो.”

“मग आवरा त्याला! आज सकाळीही खोकला.”

साहेबांनी हळूच फाइल मिटली.

“तो वारला, आजी. तुम्ही अर्जात लिहिलंय ना, त्याच नऊ मार्चला. सकाळी.”