मानाची ओळ

सगुणाबाईंनी काठी कबरीच्या कडेला टेकवली आणि विल्सन पारधे यांना सांगितले, की ही सिस्टर करुणांची कबर मानाच्या ओळीतच गेली पाहिजे.

दौंडच्या जुन्या ख्रिस्ती कबरस्तानाची पुढची बाजू रुंद होणाऱ्या रस्त्यात जाणार होती. तिथल्या अस्थी काढून मागच्या आवारात नेण्याचे काम सकाळपासून चालू होते. पारधे हे कमिटीचे सेक्रेटरी. रेल्वेतून निवृत्त झालेले, अदबीने बोलणारे गृहस्थ. मानाच्या ओळीत कोण जाणार ते कमिटीने आधीच ठरवले आहे, असे त्यांनी समजावले. पुरात खचलेला पूल वेळीच पाहून मेलगाडी थांबवणारा इंजिन ड्रायव्हर, प्लेगच्या साथीत गाव न सोडलेला डॉक्टर आणि दोन पिढ्यांना इंग्रजी शिकवणारे हेडमास्तर. त्यांच्यासाठी संगमरवर आला होता. बाकीच्यांना वारस असतील तर स्वतंत्र जागा, नसतील तर कुंपणाजवळचा सामाईक खड्डा.

मिशन दवाखान्यात बाळंतपणे करणाऱ्या नर्स सिस्टर करुणा अविवाहित वारल्या होत्या. त्यांना वारस नव्हते.

"अर्धा तालुका तिच्या हातावर जन्मला," सगुणाबाई म्हणाल्या. "तुमच्या ड्रायव्हरनं एक गाडी वाचवली. हिनं किती भरल्या, ते मोजा."

पारधे ओशाळून हसले. त्यांचा स्वतःचा जन्मही सिस्टरांच्याच हातचा होता. पण तरुणपणी सिस्टर वर्षभर चर्चमध्ये फिरकल्या नव्हत्या, ही गोष्ट कमिटीतल्या एका वयोवृद्ध सभासदाने उकरून काढली होती. मानाच्या ओळीला तेवढे कारण आड आले.

सगुणाबाईंचे चिरंजीव हौसराव फाटकाजवळ गाडीला टेकून उभे होते. साखर कारखान्याची निवडणूक तोंडावर आली होती, आणि अशा ठिकाणी आपण कोणाच्या नजरेस पडू नये असे त्यांना वाटत होते. मात्र आईने चल म्हटल्यावर नाही म्हणण्याची त्या घरात रीत नव्हती. मागच्या सीटवर त्यांची मुलगी स्नेहल बसली होती. तिचे डोळे अजून सुजलेले होते.

भीमेपलीकडच्या मांडवगण फराट्यात या घराचा दरारा रक्तावर उभा होता. सोयरीक करायची तर सात पिढ्या पाहिल्या जात. गेल्या आठवड्यात स्नेहलला पाहायला पाहुणे आले. मुलगा शिकलेला, पाटसला नोकरी करणारा, आणि स्नेहलच्या मनातलाच. पण त्याचे आजोबा लेकावळे, म्हणजे ठेवलेल्या बाईच्या पोटचे, हे कळताच हौसरावांनी पाहुण्यांना चहाही न देता वाटेला लावले. नियम सगुणाबाईंनीच घालून दिलेला. स्नेहलने आजीच्या मांडीवर डोके ठेवले, तेव्हा आजींनी नुसता तिच्या केसांवरून हात फिरवला. त्या दिवसापासून त्यांचे अन्नावरचे मन मात्र उडाले होते.

सिस्टरांचे या घरावर उपकार होते, हे गावाला ठाऊक होते. लग्नानंतर बरीच वर्षे सगुणाबाईंची कूस उजवली नव्हती. सासूने सवत आणण्याची बोलणी चालवली होती. मग एकदाचे दिवस राहिले. गर्भ नाजूक आहे, हलायचे नाही, असे बजावून सिस्टरांनी त्यांना दौंडला स्वतःच्या क्वार्टरात ठेवून घेतले, आणि बाळंतपण होईपर्यंत सासरच्या कोणालाही उंबरा ओलांडू दिला नाही. ऐन थंडीत सगुणाबाई मुलगा घेऊन भीमा उतरल्या. सासूने हत्तीवरून नव्हे, पण बैलगाडीतून साखर वाटली. हौसेने नाव ठेवले हौसराव.

पुढे सिस्टर वर्षातून एकदा मांडवगणला येत. पोराचे वजन करीत, दात पाहत, आणि पाण्याचा पेलाही न घेता निघून जात. हौसरावांच्या आठवणीत होती ती पाठीवरून फिरणारी डाव्या हाताची बोटे. हौसराव स्वतःही डावरेच. आईने पळीचे चटके देऊन ती खोड मोडली होती, पण ती जेवणापुरतीच मोडली.

कबर उघडली. फळ्या केव्हाच मातीत मिळाल्या होत्या. कामगार फावडी टेकून बाजूला झाले.

पारधे यांनी टोपी काढली. अस्थींना पहिला हात रक्ताच्या माणसाने लावायचा, तरच वेगळी जागा मिळते, असे ते म्हणाले. सगुणाबाईंनी दगड स्वखर्चाने घडवून देण्याची तयारी दाखवली. तेही चालणार नव्हते. सुटका करून घेतलेली प्रत्येक बाळंतीण जर वारस ठरू लागली, तर कबरस्तान पुरायचे नाही.

हौसराव जवळ आले. "आई, चल आता. फुलं वाहिलीस, झालं. ना आपल्या जातीची, ना रक्ताची. कशापायी उन्हात उभी ऱ्हातीस?"

सगुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही.

"रक्ताचंच माणूस लागतं, म्हणता," त्यांनी पारधे यांना विचारले. "त्यात बदल न्हाई?"

"माझ्या हाती काही नाही, आक्का."

"आन् रक्ताचं असलं, तर जात इचारून कुणी माघारी धाडणार न्हाई?"

"कोण धाडणार?"

सगुणाबाईंनी काठी उंचावून स्नेहलला गाडीतून बोलावून घेतले. ती येईपर्यंत त्या थांबल्या. तिचा हात त्यांनी आपल्या हातात धरला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि लेकाकडे वळल्या.

"हौसराव, पायताण काढ," त्या म्हणाल्या. "खाली उतर, आन् तुझ्या आईला हात लाव."