मुलींच्या संडासाचं कुलूप

उपनगरातल्या पालिकेच्या शाळेत मुलींच्या संडासाला कायम कुलूप असायचं. "पाहणीला साहेब येतात, घाण नको," मुख्याध्यापक म्हणायचे. म्हणून प्रणिती शाळेत पाण्याचा घोटही घेत नसे. आज ती वर्गातच चक्कर येऊन पडली.

निरोप मिळताच तिची आई शालन हातातलं काम टाकून आली. लेकीचे सुकलेले ओठ पाहून तिचं डोकंच फिरलं. शेजारच्या बांधकामावरून तिने हातोडा आणला आणि कुलूप तोडलं.

मुख्याध्यापक धावत आले. "सरकारी मालमत्ता आहे ही! पोलिसांना बोलावतो."

"बोलवा की! ते येईस्तोवर पोरी जाऊन येतील."

जमलेल्या मुली मात्र सरांच्या धाकाने जागच्या हलेनात. तेव्हा प्रणितीच्या वर्गशिक्षिका पुढे झाल्या आणि सरांच्या देखत म्हणाल्या,

"जा गं पोरींनो. दाराशी मी उभी आहे."