भरतीत न तुटणारी लाइन

दादोंगने नारळाच्या पातीची फुलांची परडी मनोऱ्याच्या पायाशी ठेवली, उदबत्ती लावली आणि इंटरनेटचा सिग्नल पकडणाऱ्या नव्या रेडिओच्या खोक्यावर तीर्थ शिंपडायला हात उचलला.

“यंत्रावर पाणी नको गं आई,” नेंगा म्हणाला.

“उघड्यावरच बसवायचंय ना? पाऊस सोसेल, वारा सोसेल, आणि माझं तीर्थ तेवढं सोसवणार नाही?”

नेंगाने खोकं मुकाट्याने पुढे केलं. नात तिला दादोंग म्हणायची, म्हणून आता सगळं गावच आजीला दादोंग म्हणत होतं, आणि दादोंगच्या नेमापुढे गावात कुणाचं चालत नसे.

नेंगाची इंटरनेट सेवा लहानशी. समोरच्या बालीच्या डोंगरावरून समुद्र ओलांडून सिग्नल या बेटावर यायचा, इथून घराघरांत जायचा. पण भरती आली की पाणी सिग्नलचा खेळखंडोबा करायचं. जुना रेडिओ तर खाऱ्या वाऱ्याने गंजून गेला होता. आता दोन डिश, एक वर, एक खाली. भरतीने एक बिघडली तर दुसरी सांभाळील.

गिऱ्हाइकं कुरकुरत होतीच. पण नेंगा हे आपल्या लेकीसाठी, आयुनीसाठी करत होता. तिची आई सुलास्त्री तुर्कस्तानात हॉटेलात कामाला गेली तेव्हा पोर नुकती चालू लागली होती. तेव्हापासून आईचा नुसता आवाज यायचा, तोही तुटका. चित्र कधी उमटलंच नाही.

“एकच फोटो दाखवतोस दरवेळी,” चुलतभावाची बायको एकदा सगळ्यांदेखत म्हणाली होती. “तुझी बायको तुर्कस्तानात आहे की फ्रेममध्ये?”

सुलास्त्रीला मात्र घाई नव्हती. “राहू दे ना, ब्ली,” ती नवऱ्याला म्हणायची. “आवाज येतो, तेवढं पुरे. कशाला त्या मनोऱ्यावर चढतोस?”

नेंगा चढला. पलीकडच्या डोंगरावर त्याचा दोस्त गेदे दुसऱ्या टोकाची डिश धरून उभा होता. वॉकी-टॉकीवर दोघांची झकाझकी चालली होती.

“डावीकडे घे. अजून केसभर.”

“कुणाचा केस? तुझ्या डोक्यावर तर एक उरला नाही.”

“तोंड कमी चालव, हात हलव. हां, थांब. आता श्वाससुद्धा घेऊ नकोस.”

नट आवळले गेले. दुपारनंतर भरती चढली. खडकांवर पाणी आपटू लागलं, पण सिग्नल जागचा हलला नाही. नेंगा खाली उतरला तेव्हा त्याचे तळवे सोलले होते.

फोन लावायला उशीरच झाला, संध्याकाळचे सहा वाजत आले होते. बराच वेळ वाजल्यावर सुलास्त्रीने उचलला, आणि पडद्यावर तिचा चेहरा आला. अंगात हॉटेलचा गणवेश, मागे पांढरी भिंत. कपाळावरची बारीक खूणसुद्धा दिसत होती.

आयुनी दादोंगच्या मागे लपली. “ही आहे?” तिने हळूच विचारलं.

सुलास्त्रीने तोंडावर हात धरला.

“वाळलीस गं,” दादोंग म्हणाली. “जेवतेस का वेळेवर? तिकडे किती वाजले?”

“दुपार आहे, आई. जेवणाची सुट्टी. आता ठेवते, कामावर जायचंय.”

“एवढ्यात?” नेंगा म्हणाला. “पोरीने अजून धड पाहिलंही नाही तुला.”

आयुनी हळूहळू पुढे आली. तिने बोटाने पडद्यावरचं नाक चाचपून पाहिलं, मग कान. मग बापाच्या हातातून फोन काढून घेतला.

“ठेवते हं, बाळा. उद्या बोलू.”

“नाही. अजून.”

“बाळा, ऐक ना माझं. ब्ली, घे ना तिच्याकडून फोन. मला खरंच उशीर होतोय.”

“अजून थोडंच,” आयुनी म्हणाली आणि तिने फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला.

तेवढ्यात फोनमधून प्रार्थना सुरू झाली. भोंग्यावरची, बालीत गावोगावी संध्याकाळी सहाला लागते तीच. एक अक्षर तुटलं नाही. दादोंगने सवयीने डोळे मिटून हात जोडले. सुलास्त्रीचा हात पडद्याकडे आला आणि मध्येच थांबला.

नेंगाने खिडकीतून खाली देवळाकडे पाहिलं. तिथला भोंगा अजून सुरू व्हायचा होता.