बेइज्जत झालेला चेक

निजामी अमलात धारूरच्या शहादेवराव देशमुखांनी ग्रामोफोनसाठी हैदराबादच्या एका दुकानाला चेक धाडला. थोड्या दिवसांनी दुकानदाराचं इंग्रजी पत्र आलं. गावात इंग्रजी येणारे एकटे गहिनीनाथ मास्तर. 'डिसऑनर' या शब्दावर ते अडले, त्यांनी डिक्शनरी उघडली आणि मान खाली घातली.

"देशमुख, कसं सांगावं, बँकेनं तुमच्या चेकची बेइज्जती केली."

"त्याच्यावर सही माझी हाय," शहादेवराव म्हणाले. "म्हंजी माझीच केली की."

त्याच रात्री त्यांनी गडी गोळा केले. सकाळी वीस काठीवाले घेऊन त्यांनी गाड्या जुंपल्या, पुढं रेल्वे धरली आणि चौथ्या दिवशी हैदराबादला बँकेच्या दारात जाऊन उभे राहिले.

"माझी बेइज्जती कुणी केली?"

काठ्या बघून बँकेचा मुन्शी हात जोडत बाहेर आला. "देशमुखसाब, बेइज्जती कोई नहीं करा. आपके खाते में पैसेच नहीं थे."

शहादेवरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि ते गड्यांकडं वळले.



"काठ्या खाली घ्या रे. इज्जत शाबूत हाय, नुसते पैसेच न्हाईत."