यादीबाहेरचं वाक्य

“आईबरोबर,” तनया म्हणाली. विचार करायला तिने क्षणभरही वेळ घेतला नाही.

क्षिप्राची नागपूरला बदली झाली होती. दिल्लीतल्या आर. के. पुरमचं तिचं सरकारी क्वार्टर महिनाअखेर सोडायचं होतं. जयेशने गुडगावात चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता, तिथल्या एका खोलीला तनयाच्या आवडीचा निळा रंगसुद्धा देऊन झाला होता. नागपूर की दिल्लीतली शाळा आणि बाबा, हे तेरा वर्षांच्या तनयानेच ठरवायचं होतं. उत्तर काय येणार याची जयेशला खात्री होती. म्हणून तर आज हाफ डे टाकून तो घरी आला होता.

“अगं, नीट विचार कर. आपण रोज बोलतो, तनू. रोज!”

“हो बाबा.”

ती टेबलाकडे गेली. खिडकीत बाहेर तोंड करून ठेवलेले कॉम्प्युटरचे दोन्ही स्पीकर तिने उचलले, आत वळवून टेबलावर ठेवले, त्यांची वायर काढून गुंडाळली आणि चपला घालून खाली पार्कात निघून गेली. त्या स्पीकरवरून जयेश किती वेळा ओरडला असेल. धूळ जाते, शेजारी काय म्हणतील. आज तिने न सांगता वळवले. एवढं तरी ऐकलं, असं त्याला वाटून गेलं.

मग तो क्षिप्रावर घसरला. “तूच भरवलंयस तिच्या डोक्यात. रोज सात ते आठ आम्ही गेममध्ये भेटतो. मी ऑफिसातून, ती इथून. तू तरी बोलतेस का तिच्याशी इतकं?”

“सात ते आठ?” क्षिप्रा म्हणाली. “सात ते आठ ती खाली असते. या खिडकीखालच्या बाकावर. मुली खेळायला बोलावतात तरी हलत नाही. मला वाटलं, कुणाशी तरी बिनसलंय.”

“काहीतरीच!”

त्याने तावातावाने स्क्रीन चालू केली. सात वाजून गेले होते. ठोकळ्यांच्या त्या जगात, तनयाने बांधलेल्या झोपडीसमोर दोन माणसं उभी होती. एकाच्या डोक्यावर ‘बाबा’ लिहिलं होतं. बाबा विचारत होता, ‘काय मग, जेवलीस का?’

क्षिप्राने स्क्रीनकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या नवऱ्याकडे.

“तू तर इथे बसलायस. मग हा कोण?”

जयेशचे कान तापले. ऑफिसातलं मशीन बंद करायचं राहून गेलं होतं.

हुशारी अशी अंगाशी येते. त्याने जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक लायब्ररी, म्हणजे इतरांनाही वापरता येईल अशा तयार कोडचा संच, लिहिली होती. गेमला लोक आपापले तुकडे जोडतात, त्यांना मॉड म्हणतात; अशा मॉडमधलं जे जे बदलता येईल ते सगळं या लायब्ररीमुळे एका साध्या फाइलमध्ये येऊन बसायचं. कोडला हात लावायला नको. प्रत्येक ओळीच्या वर टीप, ही ओळ कशासाठी आहे ते सांगणारी. जगभरातल्या अनोळखी लोकांनी त्याला शाबासकी दिली होती. फेब्रुवारीत अमेरिकेबरोबरच्या मीटिंगा संध्याकाळी सातला सुरू झाल्या, तेव्हा ती लायब्ररी वापरून त्याने घरच्याच कॉम्प्युटरवर एक मॉड बनवलं. सात वाजले की त्याचा पुतळा गेममध्ये जायचा आणि फाइलमधल्या अकरा वाक्यांपैकी एक बोलायचा. उत्तरापूर्वी सात सेकंद थांबायचा, दमलेला माणूस टाइप करतोय असं वाटावं म्हणून. दहा वाक्यांत एक चूक शुद्धलेखनाची. त्या चुकीचं तर त्याला फारच कौतुक होतं. तनयाने यादीबाहेरचं काही विचारलं तर घंटी वाजवायची सोयही होती. पण मीटिंगमध्ये घंटी वाजली तर पंचाईत, म्हणून त्या ओळीत त्याने ‘नाही’ लिहून टाकलं होतं.

आधी हे फक्त मीटिंगच्या दिवसांपुरतं होतं. मग मीटिंग नाही असा दिवसच उरला नाही.

स्क्रीनवर तनयाचं उत्तर उमटलं. ‘हो बाबा. तू?’

“आणि ही कोण?” क्षिप्राने विचारलं. तिने खिडकीतून खाली पाहिलं. तनया बाकावर बसली होती, हात मांडीवर ठेवून.

जयेशने मॉडचं फोल्डर उघडलं. त्याच्याच मॉडची एक कॉपी तिथे होती. कोडला कुणी हात लावला नव्हता, नुसती फाइल बदलली होती. तारीख एप्रिलची. फाइल कशी भरायची हे कधीतरी एका रविवारी त्यानेच तिला शिकवलं होतं. तो एक रविवार त्याला चांगला आठवत होता, कारण तसा दुसरा आलाच नव्हता.

त्याच्या अकरा वाक्यांना तिने अकरा उत्तरं लिहून ठेवली होती. थांबायचे सेकंद तीन, त्यावर टीप, ‘मी फास्ट टाइप करते.’ चुका शून्य. चार महिने दोन मशीनं एकमेकांच्या जेवणाची चौकशी करत होती. त्याला शरम वाटली, आणि शरमेपेक्षा जास्त राग आला. पोरीने आपल्याला बनवलं! एवढ्याशा पोरीने!

शेवटची ओळ घंटीची होती. तिथे तिने ‘हो’ लिहिलं होतं. आवाज शंभर. आणि त्याने शिकवल्याप्रमाणे वर टीप:

‘बाबा यादीच्या बाहेरचं काही बोलला, तर तो खरा बाबा. स्पीकरचं तोंड खिडकीबाहेर ठेवायचं, म्हणजे घंटी मला खाली ऐकू येईल आणि मी पळत वर येईन.’

जयेशने मान वर केली. दोन्ही स्पीकर समोर टेबलावर होते. आत वळवलेले, वायर नीट गुंडाळलेली, त्याला हवे होते तसे.