पाण्याखालचा आवाज

"हा कासवाजवळचा मी," कमलाकरराव म्हणाले आणि त्यांनी उठून टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं.

चहाचा ट्रे घेऊन आलेली त्यांची बायको कुंदा दारातच थांबली. फोटोत गळ्यापासून घोट्यापर्यंत काळा पोशाख, तोंडावर काचेचा मुखवटा, बाजूनं वर गेलेली श्वासाची नळी आणि हातभर अंतरावर परातीएवढं कासव. आतलं माणूस बाई की बाप्या, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. कुंदाला सांगता आलं असतं. कारण ती कुंदाच होती.

"सर, तुम्ही म्हणजे मासोळीच," शेजारचे शामराव म्हणाले. "अर्ध्या पुसदले पोहणं तुम्हीच शिकवलं."

तीन आठवड्यांपूर्वी, साता समुद्रापलीकडच्या त्या ज्वालामुखीच्या बेटांपाशी, ही मासोळी मुखवटा चढवून पाण्यात उतरली होती. नाक बंद झालं, जीव गुदमरला आणि मिनिटाच्या आत दोन्ही हातांनी बोटीची शिडी गच्च धरून बसली. कुंदा मात्र माहेरच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून शिकलेली. ती गेली ती तासाभरानं वर आली. तेव्हा कमलाकरराव तिच्या कानाशी म्हणाले होते, "माझं गावात सांगू नको." तिनं हसून कबूलही केलं होतं. तो तास आपल्याकडून काढून घेतला जाईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"अन् वहिनी नाही उतरल्या?" शामरावांनी विचारलं.

"हिला कुठलं जमतंय! बोटीत बसली होती, माझा टॉवेल सांभाळत."

जमलेले सगळे शेजारी हसले. कुंदाही हसली. तिचे कान रागानं तापले होते, पण दिलेला शब्द दिलेलाच.

पुढचा फोटो आला. काळ्या खडकावर ऊन खात पडलेले भलेमोठे सरडे.

"माय वं, ह्या तं घोरपडी!" समोरच्या घरातल्या कोकिळाताईंनी पदर तोंडाला लावला. मग त्या म्हणाल्या, "सर, पाण्याखाली कायचा आवाज येते का हो?"

"आवाज कसला? पाण्यात सगळं सामसूम."

"येतो," कुंदा म्हणाली. जीभ आवरायच्या आत बोलून गेली. "सारखी तडतड असते. चुलीत वाळली तुराटी पेटली की होते ना, तशी. चोहीकडून. आधी भीती वाटते, मग वर यावंसंच वाटत नाही."

माना तिच्याकडे वळल्या.

"तुम्हाले कसं मालूम?" कोकिळाताई म्हणाल्या. "तुम्ही तं बोटीत होत्या न?"

कुंदानं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे वटारले असते तर तिला सोपं गेलं असतं. पण त्यांनी रिमोट दोन्ही हातांनी गच्च धरला होता. शिडी धरली होती, अगदी तसा.

तिनं ट्रे खाली ठेवला.

"यांनीच सांगितलं," ती म्हणाली. "वर आल्या आल्या."

कमलाकररावांचा अडकलेला श्वास सुटला. तो फक्त तिलाच ऐकू आला.

एवढ्यात पलीकडच्या गल्लीतले भीमसिंग आले. उशीर झाला म्हणून हळहळले. मग काय, त्यांच्यासाठी फोटो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. कुंदा त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेली. गॅसवर पाणी ठेवलं, आलं ठेचायला घेतलं. बाहेरचं सगळं तिला स्वच्छ ऐकू येत होतं.

"हा कासवाजवळचा मी. आणि पाण्याखाली आवाज काय येतो म्हणता, भीमसिंगजी! तडतड, तडतड! वाळली तुराटी पेटल्यासारखी. चोहीकडून! आधी भीती वाटते, आणि मग काय सांगू, वर यावंसंच वाटत नाही."